44 फुटांचा मंगळ

6 फुटी रोल मशीनवर चढवून फाइल सोडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. 44 फूट लांबीचं सलग एकच चित्र. आमच्या दुकानातून निवडणुकीचे आणि नवरात्रातले याहून मोठे फ्लेक्स गेले आहेत, पण मशीनसमोर स्टूल ओढून शाई सोडणाऱ्या हेडची एकेक फेरी बघत बसलो, असं पहिल्यांदाच झालं. चित्र आडवं पडून बाहेर येत होतं. एका काठाला फिकट मातकट आकाश, दुसऱ्या काठाला दगडगोटे, आणि मधे बोटभर-बोटभर पुढे सरकणारं क्षितिज. पहिले काही फूट आले असतील, तोच जमिनीच्या बाजूला एक तुकडा करडा उमटायला लागला. रंगच नाही, नुसता काळा-पांढरा.

"मामा, थांबवा, थांबवा! जुनी फाइल गेली," भाचा ओरडला.

जुनी फाइल चुकून गेली नव्हती. मीच ती सोडली होती.

आमचं दुकान बडोद्याला, दांडिया बाजारात. वडिलांच्या वेळी तिथे छापखाना होता. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, कॅलेंडरं. मी फ्लेक्समध्ये आलो. भाचा माझ्याकडे डिझाइन करतो आणि हात फार साफ आहे त्याचा. त्याने त्या चित्रातला करडा तुकडा आजूबाजूच्या जमिनीचा रंग घेऊन असा भरला होता की मलासुद्धा सांध शोधावी लागली. वर आकाश जिथे संपत होतं तिथे आणखी हातभर आकाश वाढवलं होतं. दोन दिवस खपून केलेलं काम. ते मी वापरलं नाही आणि त्याला आधी सांगितलंही नाही, ही माझी चूक. पण निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. तेच लिहायला बसलोय.

चित्र होतं ऑपॉर्च्युनिटीचं. नासाची ही गाडी जानेवारी 2004 मध्ये मंगळावर उतरली. 90 मंगळदिवस चालावी एवढीच अपेक्षा होती, ती चालली 14 वर्षांहून जास्त, आणि 45 किलोमीटरच्या वर फिरली. शेवटी ती एंडेव्हर नावाच्या 22 किलोमीटर रुंद विवराच्या आतल्या उतारावर, पर्सिव्हिअरन्स व्हॅलीत उभी होती. तिथे उभ्याउभ्या 13 मे ते 10 जून 2018 या दिवसांत तिने मान फिरवत फिरवत 354 फोटो काढले. ते जोडून चहूबाजूंचं एक चित्र होतं. मग मंगळभर धुळीचं वादळ उठलं. सौर पट्ट्यांवर चालणारी गाडी, उजेडच मिळेना. 10 जूननंतर तिच्याकडून एक शब्द आला नाही. हाका मारून मारून अखेर 13 फेब्रुवारी 2019 ला नासाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं.

त्या चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काही चौकोन काळे-पांढरे राहिले आहेत. का, ते छापखान्यात वाढलेल्या माणसाला पटकन कळतं. गाडीच्या पॅनकॅम नावाच्या कॅमेऱ्याला रंग दिसतच नाहीत. तो नुसता उजेड-अंधार टिपतो. रंग हवा असेल तर समोर एकामागून एक फिल्टर धरून त्याच जागेचे तीन फोटो काढायचे: एक डोळ्याला दिसणाऱ्या लालच्याही जरा पलीकडचा, एक हिरवा, एक जांभळा. तिन्ही एकमेकांवर बसवले की रंग उभा राहतो. आमच्याकडे कॅलेंडरच्या चार प्लेटी असत. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. लहानपणी मी एकेका प्लेटीची छाप हातात धरून बघायचो. नुसत्या निळ्या छपाईतली लक्ष्मी अगदी आजारी दिसायची. पिवळी चढली, गुलाबी चढली, की तिच्या गालावर रक्त यायचं. त्या कोपऱ्यातल्या जागांचे हिरवे आणि जांभळे फोटो काढायचे बाकी होते आणि वादळ आलं. दोन प्लेटी चढायच्या राहिल्या, एवढंच.

एवढंच, पण मला त्या तुकड्यावरून नजर हलवता येत नाही. बाकीचं सगळं चित्र मंगळ कसा आहे ते सांगतं. तो कोपरा हे चित्र कुणी काढलं आणि कुठे हात थांबला ते सांगतो.

हे खूळ 2023 मध्ये डोक्यात शिरलं. 23 ऑगस्टला चांद्रयान-3 उतरलं आणि महिन्याच्या आत गणपती. त्या वर्षी जिकडे तिकडे थर्माकोलची रॉकेटं. मी स्वतः किती चंद्र छापले त्याचा हिशेब नाही. आमच्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळालाही रॉकेटच हवं होतं. पण 5 सप्टेंबरला इस्रोने एक वेगळंच चित्र प्रसिद्ध केलं, लाल-निळ्या चष्म्यातून खोली दिसणारं. प्रज्ञान या छोट्या गाडीच्या दोन कॅमेऱ्यांनी, म्हणजे दोन डोळ्यांनी बघितलेला विक्रम, म्हणजे तिला घेऊन उतरलेलं यान. त्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवरची प्रक्रिया अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये झाली. आमच्या दुकानापासून दोन तासांच्या वाटेवर! मी मंडळाला म्हटलं, रॉकेट राहू द्या, हे करू.

पहिली छपाई वाया गेली. लाल काचेतून बघताना लाल रेघ पार दिसेनाशी व्हायला हवी, ती पुसट उरत होती. त्यामुळे प्रत्येक दगडाला दोन-दोन कडा आणि बघणाऱ्याचं डोकं दुखणार. पडद्यावरचा लाल वेगळा, शाईचा लाल वेगळा. शेवटी चष्म्याची लाल काच हातात धरून मी लालच्या पट्ट्यांवर पट्ट्या छापल्या आणि जी काचेतून सगळ्यात जास्त नाहीशी झाली ती धरली. मग मात्र विक्रम भिंतीतून बाहेर आला. लहान मुलं हात पुढे करून त्याचा पाय धरायला बघायची. आपला हात हवेतच मिटतोय हे लक्षात आल्यावर चष्मा वर करून भिंतीकडे बघायची, की हे गेलं कुठे.

पण ती एक भिंत होती, एका दिशेचं बघणं. मला चारी बाजूंचं हवं होतं. रावपुऱ्यात भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. त्याच्या चित्रांच्या दालनात ज्याने एकदा पाऊल टाकलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. समोर चित्र, बाजूला चित्र, पाठीमागे चित्र. आपण चित्र बघत नाही, चित्रात असतो.

मंगळाचे असे गोल फोटो आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलेले असतात. क्युरिऑसिटी या नासाच्या दुसऱ्या गाडीने 2019 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हजाराहून जास्त फोटो घेऊन केलेलं 180 कोटी पिक्सेलचं चित्र आलं तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही आलं होतं. चार दिवस, रोज दुपारी 12 ते 2 या वेळातच फोटो काढायचे, म्हणजे सावल्या आणि उजेड सगळीकडे सारखा पडतो. केवढी ती शिस्त! आणि आम्ही काय केलं, तर बोटाने सर्रकन फिरवलं, अंगठ्याचं चित्र टाकलं, पुढे गेलो. बोटाने फिरवणं आणि मानेने फिरवणं यात फार फरक आहे. मान फिरवायला वेळ लागतो. पाठीमागे काय आहे ते बघायचं तर पाय उचलून वळावं लागतं, आणि वळलं की आधीचं नजरेआड होतं. प्रत्यक्ष जागेवर उभं राहिल्यावर असंच होतं की नाही?

म्हणून 14 फूट व्यासाचं एक वर्तुळ मी कागदावर आखलं. परीघ 44 फूट. आता पिक्सेल पुरतील का? फ्लेक्सला आम्ही इंचाला 72 धरतो. पॅनकॅमचा एक फोटो 1024 पिक्सेलचा आणि त्यात 16 अंश मावतात. म्हणजे अंशाला 64, पूर्ण फेरीला साधारण 23 हजार. 44 फुटांत भागले तर इंचाला जेमतेम 44. मी निराश झालो. कमी आहेत, चित्र फाटणार, म्हणजे ठिपके दिसणार, असं वाटलं. मग दुसऱ्या बाजूने हिशेब केला. वर्तुळाच्या मधोमध उभ्या माणसापासून फ्लेक्स 7 फुटांवर. तिथून तो एकेक ठिपका दिसेल केवढा? अंशाचा चौसष्टावा भाग. आणि माणसाच्या चांगल्या डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाइतकंच बारीक दिसतं. या कॅमेऱ्याची नजर मुळात निरोगी माणसाच्या डोळ्याइतकी ठेवलेली आहे! पिक्सेल कमी नव्हते, अगदी मोजून होते. ऑपॉर्च्युनिटीच्या जागी मी उभा असतो तर मला जेवढं बारीक दिसलं असतं तेवढंच वर्तुळाच्या मध्यावर दिसणार होतं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून मी चहा सांगितला आणि तो तसाच गार झाला.

आणखी एक. तो कॅमेरा जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर होता, म्हणजे 5 फूट. आमच्या आई, मावश्या, काकू उभ्या राहिल्या की त्यांची नजर जिथे असते, तिथे. तेव्हा क्षितिज 5 फुटांवरच यायला हवं, एक इंच वर नाही. मंडपवाला म्हणत होता, गर्दीत मागच्यांना दिसायला वर बांधू. मी टेप घेऊन उभा राहिलो. वर बांधलं की ते पोस्टर होतं. डोळ्यासमोर आलं की जमीन होते.

मग ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा आला आणि विश्वामित्री नदी शहरात शिरली. दुकानातले खालच्या रॅकमधले रोल भिजले, मशीन मात्र ओट्यावर होतं म्हणून वाचलं. पोळात दोन दिवस वीज नाही. 7 सप्टेंबरला गणपती, आणि वर्गणी मागायला कुणाच्या दारात जायचं हाच प्रश्न. मंडळाने रोषणाई, बँड, सगळं कापलं. मी म्हटलं, फ्लेक्स माझ्याकडून, बांबू मंडपवाल्याचे आहेतच. असं ते वर्तुळ ठरलं.

रंगावरून वाद झालाच. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, नमुन्याची पट्टी बघून म्हणाले, "अरे, हा तर आपल्या महीच्या कोतरांसारखा दिसतोय. मंगळ लाल ना? थोडा लाल टाक की." मही नदीकाठच्या त्या मातीच्या घळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना भाऊंचं म्हणणं खोटं वाटणार नाही. मी त्यांना नासाच्या व्हायकिंग यानाची गोष्ट सांगितली. 20 जुलै 1976 ला व्हायकिंग-1 मंगळावर उतरलं. त्याचा पहिला रंगीत फोटो दाखवला गेला त्यात आकाश निळं होतं, आपल्यासारखं. रंग नीट जुळवल्यावर कळलं की ते गुलाबीसर मातकट आहे. म्हणजे भल्याभल्यांचा हातसुद्धा घरच्या आकाशाकडे वळतो. म्हणूनच ऑपॉर्च्युनिटीच्या पाठीवर एक छोटी तबकडी होती, सूर्यघड्याळासारखी. मधे काठी, भोवती करड्या छटांची वर्तुळं, कोपऱ्यांत रंगाचे चार चौकोन, आणि वर कोरलेलं, अर्थ असा, की जगं दोन, सूर्य एक. ते रंग पृथ्वीवर मोजून ठेवलेले. मंगळाच्या उजेडात ते कसे दिसतात ते कॅमेऱ्याने बघायचं आणि त्यावरून बाकीचं चित्र जुळवायचं. वडील कागदाच्या कडेला रंगांची पट्टी छापायचे, ती याच कामाची. पत्रिका कापल्यावर ती पट्टी रद्दीत जायची, पण तिच्याशिवाय ते मशीन सोडत नसत.

भाऊ म्हणाले, "बरं, तू म्हणतोस तसं." वर आणखी म्हणाले, "पण ते आकाश फार रिकामं आहे रे." रिकामंच आहे, भाऊ.

आता भाच्याकडे येतो. त्या रात्री मशीन चालूच ठेवून मी त्याला समजावलं. जिथे फोटो नाही तिथे भरणं हाच खरं तर आपला धंदा. साहेबांचा फोटो मोबाइलवर काढलेला, डोक्यावरचा फेटा कापला गेलाय, वाढवून द्या. मागचा विजेचा खांब काढा. वाढदिवसाच्या बॅनरवर पाच जण हवेत, फोटोत चार आहेत, पाचवा आणून बसवा. दिवसभर आपण हेच करतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण साहेब गल्लीतच राहतात, खरा फेटा कसा होता ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या उतारावर परत जाऊन कोण बघणार आहे? तिथे जे भरू ते बघणाऱ्याच्या लेखी मंगळच होऊन बसेल.

त्याला रशियाच्या व्हेनेरा-9 यानाबद्दल सांगितलं. ऑक्टोबर 1975. शुक्राच्या जमिनीवरून, म्हणजे कुठल्याही परग्रहाच्या जमिनीवरून आलेला पहिला फोटो. दोन कॅमेरे मिळून पूर्ण फेरी घेणार होते, पण एकाचं झाकण उघडलंच नाही. त्या भट्टीत यानाने 53 मिनिटं निरोप पाठवला आणि जगाला अर्धंच वर्तुळ मिळालं. उरलेलं अर्धं कुणी काढून जोडलं नाही. ते अर्धंच आजवर छापलं जातं, धारदार कडांच्या चपट्या दगडांचं.

आणि समोर फ्लेक्स सरकत होता म्हणून व्हायकिंगचा कॅमेराही त्याला दाखवला. फोनसारखा टिचकीत फोटो घेणारा तो कॅमेरा नव्हे. आतला आरसा वर-खाली हलायचा आणि एक उभी पट्टी वाचायचा. मग कॅमेरा किंचित वळायचा, पुढची पट्टी. "म्हणजे आपलं हेड जातंय तसं?" भाच्याने विचारलं. अगदी तसं, फक्त उलटं. तिकडे दृश्याच्या पट्ट्या होत होत्या, इकडे पट्ट्यांचं दृश्य. 1966 मध्ये रशियाच्या लूना-9 ने चंद्रावरून पहिली चित्रं पाठवली तेव्हा इंग्लंडच्या जॉड्रेल बँक दुर्बिणीवर तो संदेश ऐकू आला. आवाज वर्तमानपत्रांच्या फोटो पाठवायच्या यंत्रासारखा वाटला म्हणून त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीतून तसं यंत्र मागवून जोडलं, आणि कागदावर चंद्राची जमीन उतरली. ही गोष्ट मला फार प्रिय आहे. यात आमच्या धंद्यातलं एक यंत्र आहे.

तो काही बोलला नाही. करड्या तुकड्यावरून हेड पुढे गेलं आणि चाकांच्या रेघा यायला लागल्या तेव्हा त्यानेही स्टूल ओढलं.

वर्तुळाला दार कुठे ठेवायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. चित्राची दोन टोकं जिथे भेटतात, विवराच्या खोल तळाच्या बाजूला, तिथे पडद्यासारखं एकावर एक ठेवलं. तिथून आत शिरलं की समोर थेट त्या रेघा. क्षितिजावरून उतरत, जरा वळत, तुमच्या पायांपर्यंत. फ्लेक्स चकाकीचा घेतला नाही, मॅट घेतला, नाहीतर ट्यूबलाइट मंगळाच्या आकाशात दिसली असती. जमिनीवर काही अंथरलं नाही. आतमध्ये एका वेळी दहा माणसं.

न सांगता लोक आत शिरले की उजव्या हाताला वळून फेरी घालायचे. देवळातली सवय. पोळाच्या तोंडाशी उभे राहणारे एक रिक्षावाले दादा रोज यायचे. पहिल्या दिवशी रेघांपाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गाडी सरळ नाही चालली. पुढचं चाक धरत असणार." मी चाट पडलो. ऑपॉर्च्युनिटीच्या उजव्या पुढच्या चाकाचं वळणं 2005 सालीच अडकलं होतं, आणि 2017 मध्ये डाव्यानेही त्रास दिला. ते मी सांगितल्यावर म्हणाले, "तेरा वर्षं असं चाक घेऊन चालवली?" मग रेघेवर तळहात ठेवला, जसा आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो.

आणि मुलं. त्यांना वादळाचं समजावून सांगावंच लागलं नाही. आठ दिवसांपूर्वी वीज गेली होती, फोन एकेक करून बंद पडले होते, टॉर्चचा उजेड पिवळा होत होत गेला होता. "तिची बॅटरी चार्जच झाली नाही?" एवढंच विचारायची आणि गप्प व्हायची.

पाचव्या दिवशी आरतीनंतर मी बाहेर चपलांपाशी उभा होतो. आतून भाच्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना चष्मा लावूनही तो कोपरा नीट दिसत नव्हता, त्या विचारत होत्या, "इथे शाई संपली का रे?"

"नाही काकू. इथले दोन-दोन फोटो काढायचे राहिले. ती काढणार होती."

विसर्जनानंतर असले फ्लेक्स लोक पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला मागून नेतात. यालाही तिघांनी विचारलं. दिला नाही. धुऊन, पुसून, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. दोन शाळांमध्ये जाऊन आलाय, पुन्हा जाईल. आमच्याकडे प्रत्येक रोलच्या मागच्या बाजूला मार्करने माप आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहायची पद्धत आहे. परवा तो खाली काढला तेव्हा पाहिलं, भाच्याने माप लिहिलंय, क्षितिजाची उंची लिहिलीय, 5 फूट, आणि त्याच्याखाली, जरा मोठ्या अक्षरात: डावीकडे खाली करडा भाग आहे, तसाच ठेवणे.